सांगायचं, पण कुणाला?

ऑफर लेटर हातात पडतं, जुन्या कंपनीतला नोटीस पिरियड संपत आलेला असतो, आणि अशा वेळी नव्या कंपनीचा मेल येतो: अमक्या लॅबमध्ये उपाशीपोटी जा, सोबतचा फॉर्म भरून न्या. फॉर्मात आजारांची यादी असते. मधुमेह, रक्तदाब, दमा, क्षय, फिट येणे, मानसिक आजार. प्रत्येकापुढे ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन. परतीचे दोर कापून झाल्यावर हा प्रश्न येतो, म्हणून तो जड जातो.

अपस्माराचंच उदाहरण घेऊ. योग्य औषधं मिळाली तर अपस्मार असलेल्या सुमारे ७० टक्के लोकांचे झटके थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सकाळ-संध्याकाळ गोळी घेऊन वर्षानुवर्षं एकही फिट न आलेली माणसं आपल्या आसपास हिशेब लिहितात, कोड लिहितात, वर्गात शिकवतात. त्यांनी कोणत्या चौकोनात खूण करायची? ‘हो’ म्हटलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रस्त्यावर तोंडाला फेस येऊन पडलेला माणूस उभा राहतो. ‘नाही’ म्हटलं तर खाली सही आहे, आणि ‘माहिती खोटी आढळल्यास सेवा समाप्त’ ही ओळही. मिळालेल्या माहितीचं कंपनी काय करणार, यावर मात्र कंपनीची सही कुठेच नसते.

घरचा सल्ला ठरलेला असतो. “आपणहून कशाला सांगायचं? विचारलं तरी नाही म्हणायचं.” हा सल्ला नोकरीच्या बाजारातून आलेला नाही, लग्नाच्या बाजारातून आला आहे. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा विवाह रद्द करण्याच्या कारणांत बसत होता. तो शब्द कायद्यातून गेला. स्थळं पाहणाऱ्या मंडळींच्या बोलण्यातून नाही. ज्या मुलीला लहानपणापासून “बाहेर कुणाला बोलू नकोस” असं बजावलं गेलं, ती तिशीत एचआरसमोर मोकळेपणाने बोलेल अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

दुसऱ्या बाजूला प्रामाणिकपणाचा धाक असतो. पुष्कळांना वाटतं की न सांगणं म्हणजेच फसवणं. मला वाटतं, इथे आपण नोकरी आणि विमा यांची गल्लत करतो. विमा घेताना कंपनीच्या निर्णयाला महत्त्वाची असेल ती गोष्ट स्वतःहून सांगावी लागते. तो करारच त्या विश्वासावर उभा असतो. नोकरीत आपण विकतो ते काम. तब्येतीचा इतिहास त्या सौद्यात आपोआप येत नाही. कुणी विचारलं नाही म्हणून गप्प राहणं वेगळं, आणि विचारल्यावर खोटं लिहून खाली सही करणं वेगळं. पहिल्यात मला काही गैर दिसत नाही. दुसऱ्यात धोका आहे, कारण उद्या साहेबांची मर्जी फिरली तर आजार नव्हे, ती सही पुढे केली जाते.

पण विचारणाऱ्याला काहीही विचारता येतं का? गंमत अशी की या प्रश्नावरचा एक जुना निकाल विमा कंपनीच्याच नोकरीबद्दलचा आहे. आयुर्विमा महामंडळ महिला उमेदवारांकडून जो जाहीरनामा भरून घेत असे त्यात मासिक पाळी, आधीची गर्भारपणं, गर्भपात यांचे रकाने होते. प्रोबेशनवरच्या एका महिलेने तिथे खोटी माहिती दिली, असं म्हणून बाळंतपणाच्या रजेनंतर तिला काढून टाकलं. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला परत कामावर घ्यायला लावलं. न्यायालयाने बोट ठेवलं ते तिच्या उत्तरांपेक्षा प्रश्नांवर. ते रकानेच काढून टाका, असं सांगितलं.

१९९७ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आणखी पुढचा. एका सार्वजनिक उपक्रमातल्या हंगामी कामगाराला एचआयव्हीमुळे कायम नोकरी नाकारली होती. न्यायालय म्हणालं, माणूस काम करायला सक्षम असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. खटल्यात त्याचं नावही झाकलं गेलं. निकालात तो फक्त ‘एमएक्स’ आहे. पुढे २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालायला मनाई केली.

हे कवच मात्र एका आजारापुरतं. दिव्यांग हक्क कायद्याच्या २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत. मानसिक आजार, पार्किन्सन्स, सिकलसेल त्यात येतात, अपस्मार आणि मधुमेह येत नाहीत. शिवाय खासगी नोकरीत प्रोबेशनवरच्या माणसाला काढायला ‘काम समाधानकारक नाही’ एवढं वाक्य पुरतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने तर दीर्घ आजारपणामुळे कामगाराला काढणं कपातीच्या व्याख्येतूनच वगळलं. ब्रिटनमध्ये २०१० पासून ऑफर देण्याआधी तब्येतीबद्दल विचारायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. पुण्याहून तिकडे गेलेल्यांना मुलाखतीत हा विषयच निघत नाही याचं नवल वाटतं.

तरीही काही कामांत गप्प बसायचा हक्क मी मागणार नाही. वाहन परवान्याच्या अर्जात फिट येतात का, हे विचारलेलं असतं आणि ते योग्यच आहे. क्रेन, परांची, उकळत्या रसायनाची टाकी: इथे खाली उभा असलेला माणूसही या व्यवहारात पक्षकार आहे. रात्रपाळीचं थोडं वेगळं. जागरणाने झटका येऊ शकतो, म्हणून तिथे बोलावं लागतं, पण आजाराचं नाव घेऊनच बोलावं असं नाही. ‘वैद्यकीय कारणास्तव रात्रपाळी देऊ नये’ असं डॉक्टरांचं पत्र पुरायला हवं. फॉर्मातही मी चौकोन सोडून शेजारी लिहीन: औषधाने नियंत्रित, या कामास हरकत नाही, डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे. अर्थात ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे त्याने ‘नाही’वर खूण केली, तर त्याला उपदेश करायला मी जाणार नाही.

या सगळ्या चर्चेत एक माणूस नेहमी सुटतो: शेजारच्या टेबलावरचा. आजाराची माहिती एचआरच्या फायलीत आधार कार्डाच्या झेरॉक्सखाली पडून राहते आणि प्रत्यक्ष फिट येते तेव्हा ज्यांना काहीच माहीत नाही ती मंडळी धावतात. कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल नाकाशी धरतं, कुणी दातांत चमचा घालायला बघतं. खरं तर कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या खुर्च्या सारायच्या, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन करायचा. एवढं सांगायला एक चहा पुरतो. त्या माणसाच्या हातात आपली बढती नसते, हा आणखी एक फायदा. तो कँटीनमध्ये बोलेल ही भीती खरी आहे, आणि साहेबांच्या कानावर गेलं तर ‘तुला दगदग नको’ म्हणत चांगली कामं काढून घेणारी कनवाळू माणसंही असतात. म्हणून माणूस निवडून सांगावं, दोन-तीन महिने पाहून सांगावं. पण फिट येण्याची शक्यता अजून असेल, तर इतकं थांबू नये; पहिल्याच आठवड्यात एकाला तरी गाठावं आणि १०८ चा फोन कोण करणार ते ठरवून टाकावं.