स्वाक्षरी कीं छायाचित्र?

कांहीं प्रश्न दिसावयास इतके क्षुल्लक असतात कीं, त्यांचा विचार करणाऱ्याकडे लोक कींव आल्यासारखे पाहूं लागतात. आवडत्या नटाची गांठ पडण्याचा योग आला असतां त्याची स्वाक्षरी घ्यावी कीं त्याच्याशेजारीं उभें राहून छायाचित्र काढून घ्यावें, हा प्रश्न त्यांतलाच म्हणतां येईल. तरुणांनीं तो आपसांत सोडवावा व प्रौढांनीं स्मित करून पुढें जावें, अशीच एकंदर वहिवाट आहे. परंतु मनुष्य जें क्षुल्लक समजून करतो त्यांतच पुष्कळदां त्याचें तत्त्वज्ञान उघडें पडतें. ज्या ठिकाणीं ह्या दोन गोष्टींचे दर फलकावर निरनिराळे लिहिलेले असतात आणि खिशांत एकीपुरतेच पैसे असतात, तेथें तर निवड केल्यावांचून सुटकाच नसते.

अशीं ठिकाणें आज जगांत पुष्कळ आहेत. अमेरिकेंत त्यांना 'कन्व्हेन्शन' म्हणतात. आपण चाहत्यांचीं संमेलनें म्हणूं. १९३९ सालीं न्यूयॉर्क येथें विज्ञानकथांच्या भोक्त्यांचें पहिलें जागतिक संमेलन भरलें, तेव्हां दोनएकशें माणसें जमलीं होतीं, आणि त्यांना ओढ होती ती कथांची व कथाकारांची. 'स्टार ट्रेक' ही दूरचित्रवाणीवरील मालिका १९६६ पासून १९६९ पर्यंत चालून बंद पडली; पण १९७२ च्या जानेवारींत तिच्या चाहत्यांनीं न्यूयॉर्कमधील एका हॉटेलांत मेळा भरविला, तेव्हां कांहीं शेंकडे लोक येतील अशी अपेक्षा असतां हजारों लोटले. सॅन डिएगो येथील 'कॉमिक-कॉन' १९७० सालीं सुमारें तीनशें लोकांवर सुरू झालें. अलीकडे तेथें एक लाख तीस हजारांहून अधिक लोक येतात. आपल्या देशांत २०११ सालीं दिल्लीस असा मेळा सुरू झाला व पुढें तो मुंबईपर्यंतहि पोंचला.

तेथील व्यवहार ज्यांनीं पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. छायाचित्राचें तिकीट बहुधा आगाऊ काढावें लागतें व त्यावर वेळ नेमलेली असते. रांग हळूहळू पुढें सरकते. पडदे लावून केलेल्या एका खोलीवजा जागेंत शिरतांना पिशवी, कोट, जें कांहीं हातांत असेल तें बाजूच्या मेजावर ठेवावयाचें. आंत नट उभा असतो. त्याच्या बाजूला जाऊन उभें राहावें, भिंगाकडे पाहावें, लखकन् उजेड पडावा, आणि 'पुढचे या' असे शब्द कानीं यावेत. सारा कारभार कांहीं सेकंदांचा. स्वाक्षरीचा प्रकार निराळा. तेथें नट मेजामागें बसलेला असतो. मेजावर त्याचीं जुनींनवीं चित्रें मांडलेलीं असतात. त्यांतलें एक आपण निवडावयाचें किंवा घरून आणलेली वस्तु पुढें करावयाची. शेजारचा मदतनीस पैसे घेतो व आपलें नांव एका लहानशा चिठीवर लिहून ती चित्राला चिकटवितो, म्हणजे नटाला तें नीट उतरून घेतां येतें. लिहितां लिहितां दोन शब्द बोलणें होतें. गर्दी कमी असली तर चार होतात. मेजाशींच स्वतःच्या मोबाइलवर चित्र काढूं देण्याची तिसरी सोयहि आतां पुष्कळ ठिकाणीं निघाली आहे, व अर्थातच तिचा दरहि निराळा आहे. पण तडजोडींचा विचार येथें नको.

माझी एक जुनी विद्यार्थिनी कॅलिफोर्नियांत नोकरीस असते. घरीं पैसे पाठवून जें उरतें त्यांत ती काटकसरीनें राहते. लहानपणीं ती व तिचे वडील रात्रीं जेवणें आटोपल्यावर एक इंग्रजी मालिका नेमानें पाहत. वडील आतां हयात नाहींत. त्या मालिकेंतील एक वृद्ध नट तिच्या गांवीं संमेलनास येणार असें कळलें, तेव्हां तिनें मला लिहिलें, "सर, दोन्ही परवडत नाहींत. काय घेऊं?" प्रश्न मला विचारण्याचें कारण मी तिला तर्कशास्त्र शिकविलें होतें, एवढेंच. उत्तर द्यावयास मला आठ दिवस लागले.

सामान्यतः कौल छायाचित्राकडे पडतो. स्वाक्षरी म्हणजे वेड्यावांकड्या चार रेघा. छायाचित्रांत मुद्रा दिसते, कपडे दिसतात, आणि मुख्य म्हणजे आपण स्वतः दिसतों. ह्या शेवटच्या गोष्टीकडे नीट पाहिलें पाहिजे. १८५४ सालीं पॅरिसमधील दिस्देरी नांवाच्या छायाचित्रकारानें भेटपत्राएवढ्या चित्रांचें पेटंट घेतलें, आणि पुढील दशकांत राजेराण्या, नटनटी व सेनापति यांचीं चित्रें युरोपांत घरोघरच्या आल्बमांत जाऊन बसलीं. परंतु तीं विकत घेणारा गृहस्थ त्या चित्रांत नसे. राणी एकटीच असे. तो तिच्याकडे पाहणारा असे. आतां पाहणारा चौकटीच्या आंत आला आहे. वाल्टर बेन्यामिन ह्या जर्मन टीकाकारानें १९३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, यांत्रिक प्रतिकृतींच्या युगांत कलावस्तूभोंवतींचें जुनें पूज्यतेचें वलय विरून जातें, आणि आरंभींच्या छायाचित्रांत त्याला शेवटचा आसरा मिळाला तो मानवी चेहऱ्यांत. प्रसिद्ध नटाच्या चेहऱ्याच्या आज कोट्यवधि प्रती जगांत फिरत आहेत. त्यांत आणखी एक पडली तर तिच्यांत नवें काय? नवा असतो तो फक्त माझा चेहरा. म्हणजे दाम मोजून मीं माझेंच चित्र घेतलें, व नट हा त्याचा पडदा झाला.

दुसरी एक गोष्ट मला ह्याहून महत्त्वाची वाटते. छायाचित्र निघतें त्या क्षणीं त्यांतील दोघेंहि परस्परांकडे पाहत नसतात. दोघांचेहि डोळे तिसऱ्याकडे, भिंगाकडे लागलेले असतात. ज्याला पाहण्यासाठीं इतका वेळ रांगेंत काढला त्याच्याकडे पाहावयाचें नाहीं, हीच त्या भेटीची अट असते! २०२१ सालीं साथीच्या भयामुळें कित्येक संमेलनांत नट व चाहता यांच्यामध्यें पारदर्शक पडदा उभा करीत. त्याच्या दोन्ही बाजूंना दोघे हंसत उभे असलेलीं चित्रें पाहून पुष्कळांनीं थट्टा केली. मला ती अन्यायाची वाटली. त्या पडद्यानें नवें कांहीं केलें नाहीं. आधींपासून होतें तें दाखविलें, इतकेंच.

भेटीचा पुरावा म्हणून छायाचित्राची जी प्रतिष्ठा होती तीहि आतां उतरणीस लागली आहे. गेल्या कांहीं वर्षांत संगणकाला आज्ञा करतांच कोणाचेंहि कोणाशेजारीं चित्र तयार होतें. नातवाला आजोबांचें चित्र दाखविलें तर तो तें खरें आहे का असें विचारील, व त्यांत उद्धटपणा नसेल.

मग स्वाक्षरीचा पुरावा तरी भक्कम आहे काय? मुळीच नाहीं. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून जर्मनींतील विद्यापीठांत, विशेषतः विटेनबर्ग येथें, विद्यार्थी स्नेहवह्या बाळगीत. गुरु व सहाध्यायी त्यांत एखादें वचन, नांव व तारीख लिहून देत. (त्या काळीं स्वाक्षरीसाठीं प्राध्यापकांच्या दारीं जात, हें आमच्या व्यवसायांतल्या मंडळींनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.) त्या अक्षरांचा अर्थ असा, कीं हा मुलगा माझ्यासमोर बसला होता व मी त्याला ओळखतों. आज स्वाक्षरी यंत्रहि करतें. २०२२ च्या नोव्हेंबरांत बॉब डिलन यांच्या नव्या पुस्तकाच्या हस्ताक्षरित म्हणून ५९९ डॉलरांस विकलेल्या प्रती ग्राहकांनीं परस्परांशीं ताडून पाहिल्या, आणि सह्या यंत्राच्या असल्याचें उघडकीस आलें. प्रकाशकांनीं पैसे परत केले व डिलन यांनीं क्षमा मागितली.

ह्या प्रकरणांत तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला मोठें खाद्य आहे. यंत्रानें काढलेली सही आकारानें डिलन यांचीच होती. कागद, शाई, वळणें, कशांतच उणें नव्हतें. मग ग्राहकांचें गेलें काय? नेल्सन गुडमन यांनीं १९६८ सालच्या आपल्या ग्रंथांत कलांचे दोन वर्ग केले आहेत: एकांत हुबेहूब नक्कल ही नक्कलच राहते, उदाहरणार्थ चित्रकला, दुसऱ्यांत नीट उतरलेली प्रत मूळाइतकीच अस्सल असते, उदाहरणार्थ काव्य. स्वाक्षरी पहिल्या वर्गांतली, हें उघड आहे. पण तिच्यांतलें अस्सलपण कशांत आहे, ह्याचें उत्तर वर्ग ठरवून मिळत नाहीं. माझें उत्तर असें: तें रेघांत नाहीं, रेघा काढावयास लागलेल्या वेळांत आहे. त्या मनुष्याच्या आयुष्यांतील कांहीं क्षण, मग ते पांच असोत कीं पंधरा, हा कागद पुढें ठेवणाऱ्याकडे वळले होते. यंत्र सारें कांहीं देतें, तेवढें देत नाहीं. छायाचित्राच्या पडद्याआड नट सकाळपासून एकाच जागीं उभा असतो व माणसें त्याच्या बाजूनें वाहत जातात. माझ्यासाठीं म्हणून त्याला निराळें कांहींच करावें लागत नाहीं. लिहिण्यासाठीं मात्र, निदान माझें नांव लिहिण्यापुरतें, त्याला थांबावें लागतें.

ह्याची एक विलक्षण खूण बाजारांत सांपडते. चित्रावर घेणाऱ्याचें नांव घातलें कीं पुढें विकतांना त्याची किंमत बहुधा उतरते. म्हणून व्यापारी नुसती सही मागतात. तेव्हां जी वस्तु मला सर्वांत अधिक माझी वाटावी तीच बाजारांत सर्वांत कमी मोलाची ठरते.

येथें कोणी विचारील कीं, पैसे मोजून मिळविलेल्या क्षणांचें एवढें कौतुक कशाला? कांट यानें १७८५ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत किंमत व प्रतिष्ठा असा भेद केला आहे. ज्याच्या मोबदल्यांत दुसरें कांहीं ठेवतां येतें त्याला किंमत असते, आणि मनुष्य हा त्या वर्गांतला नव्हे. मग मनुष्याचें लक्ष विकत घेणें हें त्याची प्रतिष्ठा बाजारांत मांडणें नव्हे काय? मला हा आक्षेप अर्धाच पटतो. वैद्य लक्ष विकतो, वकील विकतो, आणि वर्गांत नाठाळांना तर्कशास्त्र शिकविणारा मीहि तीस वर्षें दरमहा तेंच विकत आलों आहें. गांधीजी स्वाक्षरीसाठीं पांच रुपये घेत व ते हरिजन फंडांत जमा करीत. तेवढ्यानें त्यांची स्वाक्षरी हिणकस झाली नाहीं. ज्या नटाची मालिका बंद पडून तीस-चाळीस वर्षें लोटलीं त्याला ह्या मेजाचा आधार वाटला तर त्यांत लाज कसली? दोष दामांत नाहीं. दाम दिले म्हणजे समोरचा मनुष्य तेवढ्या वेळापुरता आपल्या मालकीचा झाला, असें वाटण्यांत तो आहे.

म्हणून मीं विद्यार्थिनीला स्वाक्षरी घे असें कळविलें, व कारणेंहि थोडक्यांत लिहिलीं. लहान मूल बरोबर असेल तर माझा सल्ला कदाचित् उलट असता. मुलाला पुढें आपण तेव्हां केवढे होतों हें पाहण्यांत जो आनंद होतो तो कागदावरच्या नांवानें व्हावयाचा नाहीं. तिनें स्वाक्षरी घेतली. चिठीवर मात्र स्वतःचें नांव न लिहवितां वडिलांचें लिहविलें. 'ज्ञानेश्वर' हें नांव इंग्रजी अक्षरांत उतरवितांना मदतनीसाची जी तारांबळ उडाली तिचें वर्णन तिच्या पत्रांत आहे. नटानें तें नांव दोनदां उच्चारून पाहिलें, असेंहि तिनें लिहिलें आहे.

पंढरपूरच्या यात्रेकरूला ही निवड नवी नाहीं. तेथें दोन रांगा असतात: पायांवर डोकें ठेवावयाचें असेल तर पददर्शनाची, जिच्यांत आषाढीस तासचे तास उभें राहावें लागतें, आणि दुरून श्रीमुख पाहून पुढें सरकावयाचें असेल तर मुखदर्शनाची, जी लौकर संपते. स्पर्श कीं रूप, हा प्रश्न आमच्या आजीबाईंनींहि सोडविलेला आहे. परंतु मला त्याहून मोठी वाटते ती पंढरपुरांतील दुसरी एक रीत. आषाढीच्या गर्दींत सर्वांना दर्शन मिळावें म्हणून देवाची शेज काढून ठेवतात व मंदिर रात्रंदिवस उघडें असतें. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते. देव इतके दिवस उभा राहून शिणला असेल म्हणून त्याला ऊन पाण्यानें स्नान घालतात, रात्रीं काढा देतात, आणि मग शेज पुन्हा घालतात. पाषाणाची मूर्ति शिणेल कशी, असें तर्कशास्त्र विचारील. पण ज्याचें दर्शन आपण घेतों त्यालाहि शीण होत असेल, ही शंका भक्तीच्या पोटांतच उत्पन्न झाली आहे, व तिनें एक अख्खा विधि निर्माण केला आहे.

मनुष्याच्या बाबतींत तर शंकेला जागाच नाहीं. 'स्पायडर-मॅन'चे एक जनक स्टॅन ली हे वृद्धापकाळींहि अशा संमेलनांत स्वाक्षऱ्या करीत. २०१८ च्या एप्रिलांत, पंचाण्णव वर्षांचे असतांना, कॅलिफोर्नियांतील एका संमेलनांत मेजाशीं बसलेले ते इतके थकलेले दिसले कीं, स्वतःच्या नांवाचीं अक्षरेंहि त्यांना कोणी सांगत असल्याची चित्रफीत पाहून चाहत्यांतच काळजी पसरली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ते वारले. माझ्या मतें स्वाक्षरीचें मोल वेळांत आहे. पण ज्याच्यापाशीं वेळ उरलाच थोडा आहे त्याच्यापुढें कागद सरकवितांना हेंच मत माझ्या अंगावर येतें. अशा रांगेंत माझी विद्यार्थिनी असती आणि तिनें मला विचारलें असतें, तर मीं स्वाक्षरीहि नको, छायाचित्रहि नको, असें कळविलें असतें. आषाढींत दोन्ही रांगांपैकीं एकींतहि शिरणें ज्यांना जमत नाहीं असे कित्येक वारकरी नामदेवाच्या पायरीवर डोकें ठेवून, कळसाला हात जोडून परत फिरतात. त्यांची वारी अपुरी राहिली असें पंढरपुरांत कोणी म्हणत नाहीं.