शेवटच्या आजारात कोणाचा शब्द चालावा

जानेवारी २०२५च्या अखेरीस कर्नाटकच्या आरोग्य खात्याने एक परिपत्रक काढले. बरा होण्याची आशा उरलेली नाही, केवळ यंत्रांवर जीव तग धरून आहे, अशा रुग्णाचे उपचार थांबवायचे किंवा सुरूच करायचे नाहीत, तर ते कोणी आणि कसे ठरवायचे याची रीत त्यात घालून दिली होती. आरोग्यमंत्री दिनेश गुंडू राव यांनी ते जाहीर केले, आणि दावणगेरेच्या निवृत्त शिक्षिका एच. बी. करिबसम्मा यांचे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आले. पंच्याऐंशीच्या घरातल्या या बाईंनी दोन दशकांहून अधिक काळ सरकारदरबारी पत्रे लिहिली होती, न्यायालयाचे दार ठोठावले होते. त्या आठवड्यात बेंगळुरूतल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत एकच वाक्य ऐकू येत होते: आता कर्नाटकात इच्छामरण मिळणार.

ते तसे नव्हते. करिबसम्मांनी मागितले होते ते इच्छामरण. राज्याने मान्य केला तो उपचार नाकारण्याचा हक्क. इंजेक्शन देऊन मरण आणायला भारतात आजही परवानगी नाही, आणि हा फरक मंत्र्यांना मुद्दाम सांगावा लागला. मुंबईत गिरगावातल्या लवाटे दांपत्याने २०१७ साली राष्ट्रपतींना पत्र लिहिले होते, तेव्हाही मागणी होती ती मरणाचीच. आपल्याकडे या विषयाची चर्चा अनेक वर्षे अशीच चालली. लोकांच्या मनात प्रश्न एक, आयसीयूच्या दारात उभा असलेला प्रश्न दुसराच.

मरण ठरवून स्वीकारणे या भूमीला नवे नाही. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर सल्लेखना, म्हणजे अन्न सोडून मरण स्वीकारण्याचे जैन व्रत, घेतलेल्यांचे कितीतरी शिलालेख आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे आचार्य शांतिसागर यांनी दृष्टी गेल्यावर, चालताना जीवजंतूंची हिंसा टाळता येणार नाही म्हणून, १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. सीमाभागातल्या जैन घरांत ती आठवण अजून ताजी आहे. सावरकरांचे १९६६चे प्रायोपवेशन आणि पवनारला १९८२ साली विनोबांनी अन्न, पाणी, औषध सोडणे हे तर सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. या घटनांचा दाखला देऊन आपण फार सहज म्हणतो, की बघा, आपली परंपरा किती प्रगल्भ होती. मला ते अर्धेच पटते. या सर्वांची शुद्ध जागेवर होती, ते बोलू शकत होते. त्यांचा निर्णय चारचौघांसमोर झाला, भोवती माणसे होती. सल्लेखनेला तर गुरूंची अनुज्ञा लागते. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला यातले काहीच मिळत नाही. परंपरेने संकल्पाचा मान राखायला शिकवले. ज्याचा संकल्प विचारायचा राहून गेला त्याचे काय करायचे, हे तिला ठरवावे लागलेच नव्हते.

आधुनिक चर्चा सुरू झाली ती मुंबईत. मिनू मसानी यांनी १९८१ साली सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. १९८५ साली सदानंद वर्दे यांनी महाराष्ट्राच्या विधान परिषदेत विधेयक मांडले. ते काळाच्या फार पुढे होते आणि तसेच विरले. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने मारुती दुबळ या पोलीस शिपायाच्या खटल्यात आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. मानसिक आजाराने खचलेल्या त्या माणसाने स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला होता. त्याला शिक्षा होऊ नये हे योग्यच होते, पण त्यामुळे आत्महत्या आणि शेवटच्या आजारातले मरण हे दोन विषय एकाच कलमाभोवती गुंतले. १९९४ आणि १९९६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत मरण्याच्या हक्काला आधी होकार, मग नकार, असा तो गुंता तसाच राहिला.

तो सुटायला अरुणा शानबाग कारण झाली. उत्तर कन्नडातल्या हळदीपूरची ही मुलगी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. नोव्हेंबर १९७३मध्ये तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला, गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि ती सुमारे बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात पडून राहिली. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ७ मार्च २०११ला न्यायालयाने याचिका फेटाळली, आणि त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, जीव टिकवणारे उपचार काढून घेण्याचा मार्ग देशात पहिल्यांदा खुला केला. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. त्यांना ती जगायला हवी होती. पिढ्या बदलल्या तरी तिला भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या, अंगावर जखम होऊ न देणाऱ्या परिचारिका होत्या, आणि त्यांचे म्हणणे न्यायालयाला अधिक वजनदार वाटले. माझ्या मते या निकालातला सर्वांत मोठा विचार हाच आहे. ज्याने शुश्रूषा केली त्याचा शब्द ऐकावा. विराणींची कळकळ खोटी नव्हती. अरुणाला स्वतःला काय हवे होते ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. पंचविशीतल्या मुलीला ते कोण विचारणार?

ही उणीव भरून काढायला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा २०१८चा निकाल आला. शुद्धीत असतानाच लिहून ठेवा, आणि तुमच्या वतीने बोलणारी माणसे नेमा. पण त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागणार होती, म्हणजे बहुतेकांसाठी तो कागद अशक्यच होता. २०२३च्या जानेवारीत ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे निर्णय तपासतात आणि न्यायदंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचे असते. दुसऱ्या मंडळात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर लागतो. बहुतेक राज्यांत ही नेमणूकच अडून होती, आणि कर्नाटकच्या परिपत्रकाचे खरे महत्त्व या रुक्ष तपशिलात आहे.

न्यायालयांचा हा प्रवास वर्तमानपत्रांत गाजला. त्याच काळात दुसरे एक काम फारसा गाजावाजा न होता चालू होते. १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झाले. बेंगळुरूत मारतहळ्ळीजवळच्या करुणाश्रयने १९९९पासून कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना विनामूल्य ठेवून घेतले. तिथे मरण लांबवत नाहीत आणि जवळही आणत नाहीत. वेदना कमी करतात, जखम धुतात, नातेवाइकाला शेजारी बसू देतात. मॉर्फिन मिळवण्यातले अडथळे २०१४च्या कायदादुरुस्तीने कमी झाले, तरी अनेक जिल्ह्यांत ते आजही सहज मिळत नाही. वेदनेने तळमळणारा माणूस ‘आता सोडवा’ म्हणतो तेव्हा त्याला मरण हवे आहे की वेदनेतून सुटका, हे वेदना शमवून पाहिल्याशिवाय कसे कळणार? ज्या राज्याने उपचार थांबवण्याची रीत लिहिली त्याने तालुक्याच्या रुग्णालयात मॉर्फिन पोचवणे हेही त्याच हक्काचे दुसरे अंग मानले पाहिजे.

घरांत मात्र अजून गप्पगप्पच. ‘शुभ बोल’, ‘वास्तू तथास्तु म्हणते’ ही वाक्ये आपण लहानपणापासून ऐकली. मुलगा व्हाइटफील्डच्या आयटी कंपनीत, मुलगी न्यू जर्सीत, आई-वडील पुण्याचा फ्लॅट बंद करून इथे आलेले. फ्लॅटचे मृत्युपत्र तयार असते. श्वास अडकला तर नळी घालायची का, यावर एक शब्द झालेला नसतो. मग आयसीयूबाहेर तीन भावंडे रात्रभर फोनवर भांडतात. बिल फुगत जाते आणि शेवटी ‘डामा’ होते: डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर, सही करून रुग्ण घरी. उपचार थांबवण्याचा निर्णय या देशात रोज होत आला आहे तो असा, चोरट्यासारखा, पैसे संपले म्हणून, आणि घरी वेदनाशामकाची सोय नसताना.

आधी लिहून ठेवलेल्या कागदाचा गैरवापर होईल, म्हातारी माणसे मुलांवर भार नको म्हणून सही करतील, ही भीती मला खरी वाटते. संस्कारच असे आहेत, की आई स्वतःसाठी काही मागत नाही. पण न लिहिल्याने ती भीती टळत नाही, फक्त निर्णय तिच्या नकळत होतो. म्हणून आपल्या वतीने बोलायला कोणत्या दोघांची नावे घालायची हा प्रश्न मला त्या कागदातल्या इतर सर्व रकान्यांपेक्षा मोठा वाटतो. थोरला मुलगा म्हणून नाव घालू नये. वारसाचेही, वारस आहे म्हणून, घालू नये. आजारपणात जी उशाशी बसली ती सून असो, बहीण असो की शेजारीण, तिला विचारावे, आणि तिने हो म्हटल्यावर थोरल्याला तिच्यासमोरच सांगावे.