अदृष्टाचे मोजमाप

दिवाळीच्या सुटीत आमच्याकडे राहावयास आलेल्या भाच्याने एके दुपारी कागद आणि लेखणी पुढे ठेवून, "मामा, तुम्हांला आवडलेले पाच भव्य चित्रपट क्रमाने लिहून द्या," असे फर्मान सोडले, तेव्हा पानसुपारी संपण्यापूर्वी हे काम हातावेगळे होईल, अशी माझी समजूत होती. नावे तर तत्काळ सुचली: डी मिलचा 'द टेन कमांडमेंट्स', वायलरचा 'बेन-हर', मुस्तफा अक्कादचा 'द मेसेज', डेव्हिड लीनचा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' आणि तारकोव्हस्कीचा 'आंद्रेई रुब्ल्योव्ह'. परंतु यांपैकी कोणास वरचा पाट द्यावा आणि कोणास पंगतीच्या टोकाला बसवावे, या विचारात दुपारची संध्याकाळ झाली. क्रम लावावयाचा तर मोजमापाचे परिमाण आधी ठरवावयास हवे. आणि ते शोधू लागताच ध्यानात आले की, उंटांची, रथांची आणि जमावातील माणसांची शिरगणती करून काहीही हाती लागत नाही, कारण हे पाचही चित्रपट अखेरीस मला एकाच प्रश्नापाशी आणून सोडतात. जे डोळ्यांना दिसण्याजोगे नाही, ते दाखविण्याची सनद केवळ डोळ्यांसाठी जन्मलेल्या या कलेला कोणी दिली?

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन विश्वरूप पाहण्याचा हट्ट धरतो, ते पाहतो, आणि पाहिल्यावर इतका भयभीत होतो की, पूर्वीचेच सौम्य रूप पुन्हा धारण करावे म्हणून हात जोडून विनवू लागतो. या प्रसंगातली मला सर्वांत मार्मिक वाटणारी तजवीज अशी की, रूप प्रकट करण्यापूर्वी श्रीकृष्णाला अर्जुनाचा डोळा बदलावा लागला. तिकीट काढून खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाला असा दुसरा डोळा कोण देणार? दादासाहेब फाळक्यांना तो क्षणभर लाभला असावा; १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. पुढे १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांनी आपल्या कन्येला, मंदाकिनीला, बाळकृष्ण केले आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. मूर्ती ही मूर्ती आहे हे पक्के ठाऊक असूनच तिच्यापुढे हात जोडणारा हा समाज, त्याने पडद्यावरील कृष्णालाही त्याच हिशेबात धरले. ज्या परंपरांत देवाची प्रतिमा करणे हाच अपराध मानला गेला, तेथे मात्र चित्रपटकाराची खरी पंचाईत होते.

१९५६ च्या 'द टेन कमांडमेंट्स'ला मी शेवटचे स्थान देतो ते याच कारणास्तव. आरंभी स्वतः डी मिल पडद्याआडून बाहेर येऊन, ग्रंथकर्त्याने प्रस्तावना लिहावी तशा थाटात, प्रेक्षकांना विषयाचे महत्त्व समजावून सांगतो, आणि तेथून पुढे काहीही गुलदस्तात ठेवावयाचे नाही असा जणू त्याचा शिरस्ताच ठरतो. समुद्र दुभंगतो, हौदांत सोडलेल्या पाण्याची फीत उलटी फिरवून तो दुभंगविला आहे हे ठाऊक असूनही छाती दडपते. पण ज्या आज्ञांमध्ये प्रतिमा घडविण्याची स्पष्ट मनाई आहे, त्याच आज्ञा शिळेवर कोरणारा ईश्वरी अग्नी या गृहस्थाने रंगीत चित्रांत आखून प्रेक्षकांच्या पुढ्यात टाकावा, यातील विसंगती त्याच्या गावीही नाही. येथला परमेश्वर एखाद्या करड्या कलेक्टरासारखा आहे: आवाज मोठा, हुकूमनामे लेखी आणि अंमलबजावणी ताबडतोब.

वायलरचा 'बेन-हर' १९५९ चा. त्याला ११ ऑस्कर पारितोषिके मिळाली आणि रथांच्या शर्यतीची कीर्ती सर्वत्र झाली. ती शर्यत उत्तमच आहे, तिच्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. माझे मन अडकते ते नाझरेथच्या विहिरीपाशी. साखळदंडांत बांधून नेल्या जाणाऱ्या नायकाला पाणी मिळू नये असा रोमन अंमलदाराचा सक्त हुकूम आहे. तो तहानेने कोसळतो, आणि एक सुतार पुढे होऊन त्याला पाणी पाजतो. अंमलदार आसूड घेऊन दटावावयास येतो. सुतार उठून उभा राहतो. आपल्याला दिसते ती केवळ त्याची पाठ. अंमलदाराला मात्र मुख दिसते, आणि त्या उद्दाम माणसाची नजर आधी स्थिरावते, मग चळते, आणि शेवटी तो मुकाट्याने बाजूला होतो. संबंध चित्रपटात ख्रिस्ताचे मुख एकदाही दाखविलेले नाही, आणि तरीही ते आपण पाहिले आहे असे वाटत राहते. दुर्दैवाने उत्तरार्धात वायलरचा हा संयम सुटतो आणि वादळवाऱ्यात कुष्ठरोग धुऊन निघतो. एवढी प्रत्यक्ष पावती देण्याची आवश्यकता नव्हती.

अक्कादने १९७६ च्या 'द मेसेज'मध्ये याहून कठोर जाबता पाळला. पैगंबरांच्या चरित्रावरील या चित्रपटात पैगंबर दिसत नाहीत आणि त्यांचा शब्दही ऐकू येत नाही. इतर पात्रे त्यांच्याशी बोलतात ती थेट कॅमेऱ्याकडे पाहून. परंतु या तोडग्यातून एक विलक्षण पेच निर्माण होतो. पैगंबरांचे चुलते हमजा यांची भूमिका करणारा अँथनी क्विन ज्याच्याकडे आदराने पाहतो, त्याच्या जागी प्रत्यक्षात कोण बसलेले असते? आपण बसलेलो असतो. प्रतिमेचा दोष टाळावा म्हणून प्रेक्षकाच्या हाती प्रत्यक्ष पैगंबरांची दृष्टी सोपवावी, हा भक्तीचा कळस म्हणावा की नकळत घडलेले धाडस म्हणावे, याचा फैसला मला आजवर करता आलेला नाही. अर्जुनाला दिव्य दृष्टी मिळाली ती देवाला पाहण्यासाठी. प्रेषिताच्या डोळ्यांनी माणसांकडे पाहावयास त्यालाही कोणी सांगितले नव्हते. या पेचाखातर मी त्याला तिसरे स्थान देतो. एरवी चित्रपट म्हणून तो काहीसा रेंगाळतो.

'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त देव नाही, पण अदृष्ट आहे. न दिसणारे आणि दैव या दोन्ही अर्थांना आपल्या भाषेने एकच शब्द दिला, ही तिची चतुराई १९६२ चा हा चित्रपट पाहताना मला नव्याने कळली. नेफूदचे वाळवंट ओलांडताना कासिम नावाचा एक अरब उंटावरून पडून मागे राहतो. त्याच्या ललाटी मरण लिहिले आहे, असे सोबतचा अरब सरदार शरीफ अली सांगतो; ललाटी काहीही लिहिलेले नसते, असे ठणकावून इंग्रज अधिकारी लॉरेन्स एकटा मागे फिरतो आणि त्याला जिवंत घेऊन येतो. येथे पुरुषार्थाची सरशी झाली असे वाटून आपण टाळी वाजविणार, तोच अकाबावरील चढाईच्या आदल्या रात्री छावणीत खून पडतो. दोन टोळ्यांत वैर उसळू नये म्हणून कोणत्याच टोळीचा नसलेला लॉरेन्स खुन्याला देहदंड देण्याची कामगिरी पत्करतो, आणि खुन्याने मान वर करताच दिसतो तो कासिम. पिस्तूल झाडले जाते. मग हे लिहिलेलेच होते म्हणावयाचे, असा शेरा टोळीनायक औदा मारतो. प्रारब्ध आणि क्रियमाण यांचा जो वाद आपल्या पंडितांनी शतकानुशतके लढविला, तो येथे वाळूच्या दोन मुक्कामांत उभा राहतो. त्याहून दारुण भाग पुढे आहे: त्या वधात आपल्याला सुख वाटले, असे लॉरेन्स कैरोत सेनापती ॲलनबीपाशी कबूल करतो. क्षितिजापर्यंत सारे लख्ख दाखविणाऱ्या या चित्रपटात न दिसणारी जागा एकच उरते, आणि ती त्या मनुष्याच्या अंतःकरणात आहे.

पहिला मान १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या आणि सोव्हिएत सरकारने काही वर्षे अडवून धरलेल्या 'आंद्रेई रुब्ल्योव्ह'चा. पंधराव्या शतकातील या रशियन साधुचित्रकाराची कथा सुमारे तीन तास चालते, परंतु ज्या चित्रांमुळे तो अजरामर झाला त्यांपैकी एकही तो रंगविताना दिसत नाही. तो पाहतो, लूटमार आणि कत्तल सोसतो, स्वतःच्या हातून घडलेल्या हत्येच्या प्रायश्चित्तासाठी मौन धरतो. ते मौन सुटते एका पोरामुळे. मृत बापाने घंटा ओतण्याचे रहस्य आपल्याला सांगून ठेवले आहे, अशी थाप मारून तो राजाची प्रचंड घंटा ओतविण्याचे काम अंगावर घेतो; घंटा घणघणते, आणि हा चिखलात पडून रडू लागतो, कारण बापाने त्याला काहीही सांगितलेले नसते. गुरुमुखातून न मिळालेली ती विद्या कोठून आली, याचे उत्तर तारकोव्हस्की देत नाही. कृष्णधवल पडदा मग एकाएकी रंगीत होतो आणि रुब्ल्योव्हची चित्रे, त्यांतील ते तीन देवदूत, तुकड्यातुकड्यांनी समोर येतात. तोवर आपला डोळा बदललेला असतो.

हा क्रम मी भाच्याच्या स्वाधीन केला, तेव्हा त्याने बारकाईने वाचून यांपैकी कोणता चित्रपट मी किती वेळा पाहिला आहे, अशी विचारणा केली. 'आंद्रेई रुब्ल्योव्ह' दोन वेळा. 'द टेन कमांडमेंट्स' सहा वेळा, आणि संधी मिळाल्यास सातव्यांदाही जाईन.