याचना आणि संविभाग

‘याचिका’ हा शब्द न्यायालयाच्या आणि कायदेमंडळाच्या दारात इतका रुळला आहे की त्याच्या मुळाशी ‘याच्’ हा धातू असल्याचे भान सहसा राहत नाही. याचक, याचना ही त्याची भावंडे. आणि न मागता मिळेल त्यावर निर्वाह करणाऱ्याचे व्रत ते अयाचित, जे काही मराठी घराण्यांनी आडनाव म्हणूनही मिरवले. महाराष्ट्र विधिमंडळातील समितीचे नाव तर ‘विनंती अर्ज समिती’ असे आहे. मागणाऱ्याने खाली वाकावे आणि देणाऱ्याने हात वर ठेवावा, ही मुद्रा या सर्व शब्दांत गोठून राहिली आहे. लोकशाहीने राज्यसत्तेचे स्वरूप बदलले, भाषेतील ही मुद्रा मात्र बदलली नाही. म्हणून असाध्य आजार अंगात घेऊन जगणारी माणसे सार्वजनिक तिजोरीतून औषधासाठी तरतूद करा असे लोकप्रतिनिधींना सांगतात, तेव्हा ती नेमके काय करीत असतात, हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही. ती भीक मागतात, हक्क बजावतात, की या दोहोंत न मावणारे आणखी काही करतात?

आज जबलपूर शहरात मिसळून गेलेल्या गढा या जुन्या वस्तीत या प्रश्नाला एक ठोस भूमी मिळते. गढा-मंडल्याच्या गोंड राजांची ही राजधानी. १५६४ साली राणी दुर्गावती रणात पडली, त्यानंतरही गोंडांचे राज्य दोन शतके टिकले. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी ते घेतले, १७९८ मध्ये ते नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी त्याचा कब्जा घेतला. सिंहासने बदलली तरी सिंहासनापुढे अर्ज घेऊन उभे राहण्याची रीत तीच राहिली. आज त्याच गढ्यात नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, आणि महाकोशलातील एच.आय.व्ही.बाधित माणसे येथील उपचार केंद्रातून औषध नेतात. हे औषध विनामूल्य मिळते. विनामूल्य म्हणजे त्याची किंमत दुसऱ्या कोणी तरी, म्हणजे सर्वांनी मिळून, भरलेली असते.

या औषधाचा स्वभाव ध्यानात घेतल्यावाचून पुढील विचार करता येत नाही. ते रोज घ्यावे लागते आणि जन्मभर घ्यावे लागते. ते नियमित घेतले तर रक्तातील विषाणू इतका दबतो की माणूस जवळजवळ पूर्ण आयुष्य जगू शकतो, आणि त्याच्याकडून जोडीदाराला संसर्ग होत नाही. त्यात वारंवार खंड पडला तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो आणि अधिक महागड्या औषधांकडे वळावे लागते. याचा अर्थ असा की दानशूरपणा येथे फारसा उपयोगाचा नाही. दान दात्याच्या मनाच्या लहरीवर चालते. एखाद्या जयंतीला होते, पुढच्या जयंतीला राहून जाते. या आजाराला उदारतेपेक्षा नियमितपणा हवा, आणि नियमितपणा हा अंदाजपत्रकाचा गुण आहे. भारतात १ एप्रिल २००४ रोजी आठ शासकीय रुग्णालयांत (मुंबईचे जे. जे. हे त्यांपैकी एक) मोफत उपचार सुरू झाले, तेव्हापासून या माणसांचे आयुष्य अक्षरशः दर वर्षीच्या एका आकड्याशी बांधले गेले. २०१४-१५ च्या अंदाजपत्रकात एड्स नियंत्रणासाठी सुमारे १,७८५ कोटी रुपयांची तरतूद होती. पुढच्या वर्षी ती सुमारे १,३९७ कोटींवर आली. दिल्लीत तो एका ओळीचा बदल होता. गोळीवर जगणाऱ्याला तीच ओळ आपल्या जन्मपत्रिकेसारखी वाचावी लागते.

जबलपूरला ‘संस्कारधानी’ हे नाव विनोबांनी दिले असे सांगितले जाते. नावाचे श्रेय कोणाचेही असो, प्रस्तुत प्रश्नात विनोबांची आठवण होणे अपरिहार्य आहे, कारण मागण्याच्या क्रियेचा इतका खोल विचार आधुनिक काळात क्वचितच कोणी केला असेल. १९५१ पासून त्यांनी गावोगाव जमीन मागितली, परंतु भिकाऱ्याच्या भूमिकेतून मागितली नाही. घरात आणखी एक मुलगा आहे असे समजा आणि त्याचा वाटा काढा, असे ते जमीनमालकाला सांगत. दान म्हणजे संविभाग, योग्य वाटणी, हा शंकराचार्यांचा अर्थ त्यांनी उचलून धरला. भूदानाच्या व्यावहारिक फलिताविषयी कितीही मतभेद असले तरी या शब्दार्थाने मागणाऱ्याची पाठ सरळ केली, हे मान्य करावे लागते. वाटा मागणारा बाहेरचा नसतो. तो घरातला असतो. आणि घरातला असल्यामुळेच घरातील इतर वाटेकऱ्यांचाही विचार करणे त्याला भाग असते. संविभागाची ही दुसरी बाजू बहुधा विसरली जाते. तिच्याकडे पुढे यावे लागेल.

जबलपूरचे नाव भारतीय विधिशास्त्रात एका वेगळ्याच कारणाने कोरले गेले आहे. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना न्यायालयात दाद मागता येईल, असा निर्णय या शहरातील मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने दिला. त्याविरुद्ध शासन सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २८ एप्रिल १९७६ रोजी ‘ए.डी.एम. जबलपूर’ या नावाने कुप्रसिद्ध झालेला निकाल लागला: आणीबाणी असेपर्यंत जगण्याचा हक्क मागण्यासाठी दारच नाही. पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना वेगळे राहिले. जीविताचा हक्क राज्यघटनेच्या एका कलमातून जन्मत नाही, तो त्याच्या आधीचा आहे, ही त्यांची भूमिका होती. हा निकाल स्पष्ट शब्दांत पुसला जाण्यास २४ ऑगस्ट २०१७ हा दिवस उजाडावा लागला, आणि तो पुसला गेला खासगीपणाच्या हक्काविषयीच्या निर्णयात. १९७६ च्या बहुमतात असलेल्या न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडांचे मत २०१७ मध्ये त्यांच्याच पुत्राने चुकीचे ठरविले. जगणे आणि खासगीपण हे दोन हक्क अशा रीतीने एकाच निर्णयपत्रात शेजारी आले. एच.आय.व्ही.बाधितांच्या बाबतीत मात्र नेमके हेच दोन हक्क एकमेकांच्या आड येतात.

ते कसे, हे गोव्यातील एका उदाहरणावरून कळते. डॉमिनिक डिसूझा या तरुणाने रक्तदान केले होते. त्यातून त्याची बाधा उघड झाली आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्याला उचलले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानुसार त्याला हळदोण्याच्या जुन्या क्षयरुग्णालयात चौसष्ट दिवस एकटे ठेवण्यात आले. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. परंतु न्यायालयाने अशा विलगीकरणाची तरतूद वैध ठरविली. पुण्यातील प्लेगच्या वेळी, १८९७ मध्ये, जो कायद्याचा हात घराघरांत शिरला होता त्याचीच ही दूरची सावली म्हणावी लागेल: आजाऱ्याला औषध देण्याआधी त्याला बाजूला काढणे. डॉमिनिकचे नाव आणि चेहरा त्याच्या इच्छेविरुद्ध सार्वजनिक झाले. त्यानंतर त्याने ते स्वेच्छेने सार्वजनिक ठेवले, बाधितांसाठी संस्था उभारली, आणि १९९२ मध्ये तो वारला. जे हिसकावून घेतले गेले होते तेच त्याने पुढे दिले. या दोन कृतींतील अंतर मोठे आहे.

न्यायालयांनी हळूहळू एक सोय केली. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका बाधित कामगाराला काम नाकारल्याचा दावा चालला, तेव्हा वादी आणि मालक दोघांचीही नावे झाकून केवळ अक्षरे वापरण्यात आली. माणसाला नावावाचून न्याय मागता आला. २०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्याने न्यायालयीन कामकाजात टोपणनाव वापरण्याची ही मुभा कलमबद्ध केली. कायदेमंडळाची रीत याच्या उलट आहे. लोकसभेच्या नियमांनुसार याचिकेवर सही करणाऱ्याचे पूर्ण नाव हवे, पत्ता हवा, सही किंवा अंगठा हवा. लोकप्रतिनिधीला तर त्याहून अधिक काही हवे असते. त्याला समोर माणूस हवा असतो. आकडे त्याला हलवीत नाहीत, चेहरा हलवितो. मग ज्याचे भाड्याचे घर, नोकरी, मुलांची शाळा हे सर्व मौनावर उभे आहे, त्याने जाहीरपणे आपले शरीर साक्षीला उभे करावे, ही अपेक्षा नैतिक दृष्टीने समर्थनीय कशी ठरते? क्षयाच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णाकडे औषधाआधी असे शुल्क सहसा कोणी मागत नाही. पुण्यात उभे राहिलेले बाधितांचे महाराष्ट्रव्यापी जाळे काय, किंवा १९९७ मध्ये चेन्नईत स्थापन झालेले राष्ट्रीय जाळे काय, त्यांतील काही थोड्यांनी नाव दिले म्हणून असंख्यांना निनावी राहता आले. या थोड्यांना धैर्यवान म्हणून गौरविण्याची घाई समाजाला होते. त्यांच्यावर धैर्याची सक्ती कोणी केली, हे विचारण्याची होत नाही.

चेहऱ्यापाठोपाठ दुसरी अट येते, ती निरपराधित्वाची. रायन व्हाइट हा अमेरिकेतील रक्तस्राव-विकाराने ग्रस्त मुलगा. रक्तघटकातून त्याला बाधा झाली, शाळेने त्याला दूर ठेवले, १९८८ मध्ये त्याने राष्ट्राध्यक्षांच्या आयोगापुढे साक्ष दिली आणि एप्रिल १९९० मध्ये तो वारला. त्याची आई सिनेटरांच्या भेटी घेत राहिली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या नावाचा निधीचा कायदा झाला. कायद्याने लाभ सर्वांनाच दिला, हे खरे. पण तो ज्यांच्यामुळे अडला होता त्यांपैकी कोणाचे नाव त्याला देता आले नसते, हेही तितकेच खरे. आपल्याकडे ‘बिचारी गृहिणी’ आणि ‘निष्पाप बालक’ यांना पुढे करून मागणी मांडली जाते, तेव्हा सांगलीची वेश्याव्यवसायातील स्त्री, तृतीयपंथी, अमली पदार्थ टोचून घेणारा तरुण यांची गोळी त्या कृपेच्या मागल्या दाराने येते. मागणी मान्य होते आणि तिच्यातच एक निवाडाही मान्य होतो. संविभागात अशी चौकशी नसते. वाटणीच्या वेळी मुलाचे चारित्र्य तपासून वाटा ठरत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील झॅकी अचमत यांनी या दोन्ही अटी वेगळ्या रीतीने उधळल्या. सार्वजनिक रुग्णालयांत सर्वांना औषध मिळेपर्यंत आपण ते घेणार नाही, असे ठरवून ते कित्येक वर्षे उपचारावाचून राहिले. २००३ मध्ये त्यांनी औषध सुरू केले. या हट्टाचे अनुकरण करावे असे कोणी म्हणणार नाही, आणि त्यात आत्मपीडेचा धोका होताच. पण स्वतःसाठी मागणाऱ्याचा आणि सर्वांसाठी मागणाऱ्याचा भेद त्यांनी तर्काने सांगण्याऐवजी शरीराने सांगितला.

येथेच संविभागाची मागे ठेवलेली दुसरी बाजू पुढे येते, आणि तिच्यासाठी पुन्हा गढ्याकडे वळावे लागते. वैद्यकीय महाविद्यालयाच्याच परिसरात, नागपूरच्या रस्त्यावर, आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८४ पासून आहे. तिच्या अभ्यासाचे विषय सिकलसेल, हिवताप, क्षय हे आहेत. मंडला-दिंडोरीकडील गोंड, बैगा कुटुंबांत सिकलसेलने वेदनेचे झटके सोसणारे मूल असते. त्याचे आईबाप दिल्लीत जाऊन कोणा खासदाराला गाठत नाहीत. त्यांच्या आजाराला कलंक कमी, पण आवाजही कमी. ज्याला बोलता येते त्याच्या आजाराला निधी, आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्या आजाराला संशोधनलेख, असे झाले तर वाटणी कसली? एच.आय.व्ही.बाधितांच्या चळवळीवरील हा आक्षेप गंभीर आहे आणि तो सौजन्याने टाळण्यासारखा नाही.

त्याला अर्धे उत्तर आहे. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने वर्षाला दहा हजार डॉलरहून महाग असलेला तीन औषधांचा संच साडेतीनशे डॉलरांत देऊ केला. २००५ मध्ये पेटंट कायदा बदलला जात असताना बाधितांच्या संघटना खासदारांकडे गेल्या त्या केवळ आपल्या गोळीसाठी नव्हे. स्वस्त औषध बनविण्याची वाट सर्वच आजारांसाठी उघडी राहावी यासाठी. पेटंट देण्याआधी हरकत घेण्याचा अधिकार त्या कायद्यात राहिला, आणि पुढे तो त्यांनी वापरलाही. तेथे मागणाऱ्यांनी शेजारच्या वाटेकऱ्यासाठी जागा ठेवली होती. उरलेले अर्धे उत्तर अजून यायचे आहे. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झाले; ते त्या आईबापांच्या मागणीमुळे सुरू झाले असे म्हणण्यासारखी स्थिती नाही.

२०१७ च्या कायद्याच्या चौदाव्या कलमात शासनाने निदान आणि उपचाराची व्यवस्था ‘शक्य तितकी’ करावी, असे शब्द आहेत. ते काढून टाका, असे बाधितांच्या संघटनांनी विधेयक संसदेत असतानाच सांगितले होते. मार्चमध्ये राज्यसभेने, एप्रिलमध्ये लोकसभेने ते शब्द तसेच ठेवून विधेयक संमत केले. सभागृहात उपचाराविषयी आश्वासने दिली गेली; परंतु आश्वासन देणाऱ्याच्या बाजूने राहते आणि कलम मागणाऱ्याच्या हाती येते. ‘शक्य तितके’ हे शब्द भिक्षा घालणाऱ्याच्या तोंडी शोभतात. वाटणीपत्रात ते लिहिले तर कोणताही भाऊ त्यावर सही करणार नाही. साधनांची मर्यादा शासनाला असतेच, आणि कायद्याने ती नाकारण्यात अर्थ नाही, हा शासनाचा बचाव अप्रामाणिक म्हणता येणार नाही. मात्र मर्यादा कोठे आहे हे एकट्या देणाऱ्याने ठरवायचे, की त्या मर्यादेखाली येणाऱ्याच्या देखत ठरवायचे, हा प्रश्न या तीन अक्षरी आणि दोन अक्षरी शब्दांच्या जोडीने बंद केला.

२१ जुलै २०२२ रोजी काही बाधित माणसे दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात जाऊन बसली. औषधांचा साठा अपुरा पडला होता आणि अनेकांना महिन्याऐवजी मोजक्या दिवसांच्या गोळ्या मिळत होत्या. ती चाळीसहून अधिक दिवस तेथे राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबरमध्ये न्यायालयाने शासनाला नोटीस काढली. त्यांनी नवी योजना मागितली नव्हती, निधीत वाढही नव्हे. आधीच मंजूर झालेली महिन्याची बाटली महिन्याची म्हणून मिळावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी ती नावानिशी, चेहरा उघडा ठेवून, त्या दारात बसली होती.