शीतलता कोणाची?

संगणकाचा प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी पाणी निवडावे की हवा, हा प्रश्न वरकरणी यंत्रशास्त्राचा आणि खर्चाचा आहे. परंतु त्याच्या मांडणीतच एक तात्त्विक गृहीतक दडलेले आहे, आणि ते असे की शीतलता हा एखाद्या द्रव्याचा स्वतःचा गुण असून ते द्रव्य निवडले की गुणही आपोआप पदरात पडतो. वैशेषिक दर्शनाने, म्हणजे जगातील पदार्थांची द्रव्य, गुण, कर्म इत्यादी वर्गांत विभागणी करणाऱ्या कणादप्रणीत शास्त्राने, या गृहीतकाचा बारकाईने विचार केलेला आहे.

वैशेषिकांच्या मते जलाचा स्पर्श स्वभावतः शीत, तेजाचा उष्ण, तर पृथ्वी आणि वायू यांचा उष्णही नव्हे व शीतही नव्हे असा, त्यांच्या परिभाषेत 'अनुष्णाशीत' असतो. तापलेल्या पाण्याने हात पोळतो तेव्हा ती उष्णता पाण्याची नसून त्यात शिरलेल्या तेजाच्या कणांची असते, आणि वाऱ्याची झुळूक गार लागते तेव्हा तो गारवा वाऱ्याचा नसून त्याने वाहून आणलेल्या जलकणांचा असतो. अशा उसन्या गुणाला 'औपाधिक', म्हणजे दुसऱ्याच्या सान्निध्यामुळे भासणारा, असे म्हणतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून घरात शिरणारा वारा हे याचे ओळखीचे उदाहरण होय. आधुनिक भौतिकशास्त्र तेजाचे वेगळे कण मानत नाही आणि त्या गारव्याचे कारण बाष्पीभवनात शोधते. तरीही गुण स्वतःचा की उसना, हा वैशेषिकांचा प्रश्न येथे नेमका लागू पडतो.

ज्याला एअर कूलिंग म्हणतात त्यात प्रोसेसरच्या पाठीवर धातूचा सपाट तळ बसवलेला असतो, आणि त्या तळातून निघालेल्या तांब्याच्या नळ्या, म्हणजे हीट पाइप, ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांच्या चळतीत शिरतात, जिच्यावर पंखा वारा घालतो. यांतली एखादी नळी कापून पाहिली तर ती पोकळ निघते. तिच्या आतल्या भिंतीला बहुधा तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो आणि त्यात थोडेसे पाणी मुरलेले असते. नळीतली हवा आधीच काढून घेतलेली असल्यामुळे हे पाणी 100 अंश सेल्सियसच्या कितीतरी आधी उकळते, दर ग्रॅममागे 2,000 ज्यूलहून अधिक उष्णता घेऊन वाफेच्या रूपाने गार टोकाकडे जाते, तेथे पुन्हा पाणी होते, आणि समईच्या वातीतून तेल चढावे तसे त्या सच्छिद्र थरातून तळाशी परतते. नाव हवेचे असले तरी प्रोसेसरपासून उष्णता उचलून नेण्याचे काम येथे पाणी करते.

लिक्विड कूलिंगची कथा नेमकी उलटी आहे. त्यात पंप द्रवाला प्रोसेसरवरच्या पोकळ पट्टीतून आणि रबरी नळ्यांतून रेडिएटरपर्यंत फिरवतो. समान घनफळाच्या हवेपेक्षा पाणी तेवढ्याच तापमानवाढीत सुमारे 3,500 पट उष्णता साठवते, म्हणून प्रोसेसरवरचा भार अचानक वाढला तरी तापमान सावकाश चढते. परंतु पाणी उष्णता नाहीशी करत नाही, केवळ तिचा मुक्काम लांबवते. काम तासन्‌तास चालले की पाणीही तापून स्थिरावते, आणि मग निर्णायक ठरतात ते रेडिएटरचे क्षेत्रफळ, पंख्यांचा वारा आणि खोलीचे तापमान. प्रोसेसरने 200 वॉट वीज घेतली तर अखेरीस तेवढीच उष्णता खोलीतल्या हवेत येते, आणि या दोहोंपैकी कोणतीही रचना प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही.

तर मग 'हवेचे' आणि 'पाण्याचे' ही नावे खोटी म्हणावीत काय? वेदान्तातील पंचीकरणाचा सिद्धांत, जो दासबोधामुळे मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे, यावर एक उत्तर सुचवतो. प्रत्येक स्थूल भूतात निम्मा अंश स्वतःचा आणि उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश असतो, आणि ज्याचे आधिक्य त्याचे नाव, असा तो विचार आहे. नावापुरते हे उत्तर चपखल बसते, कारण एका रचनेत पंखे आणि पाती डोळ्यांत भरतात, तर दुसरीत पंप आणि नळ्या. रचनेचे वर्णन म्हणून मात्र ते टिकत नाही. येथे भूते मिसळत नाहीत, उलट त्यांनी मिसळू नये यावरच सारे अवलंबून असते. पंपात हवा अडकली की गुळगुळ आवाज येऊन प्रवाह मंदावतो, द्रव बाहेर झिरपला की भोवतालचे सुटे भाग धोक्यात येतात, आणि हीट पाइपला चीर जाऊन हवा आत शिरली की त्यातले चक्रच थांबते. धातूच्या एका पातळ भिंतीच्या दोन्ही बाजूंना राहून दोन द्रव्यांनी काम करणे याला वैशेषिकांचा 'संयोग' हा शब्द, म्हणजे स्वतंत्र राहूनही घडलेला स्पर्श, अधिक यथार्थ ठरतो.

द्रव्यांतली निवड अशा रीतीने गळून पडली की जी उरते ती संयोगाच्या दोन रीतींमधली, आणि म्हणून झिजण्याच्याही दोन रीतींमधली निवड असते. एकीत झिजणारा भाग म्हणजे पंखा. तो कुरकुरू लागला की ऐकू येतो आणि थोडक्या पैशांत बदलता येतो. दुसरीत पंप आतून झिजतो आणि बंद नळ्यांच्या भिंतींतून द्रव वर्षानुवर्षे अंशाअंशाने उडून जातो, म्हणजे येथे क्षय डोळ्यांआड चालतो. मात्र तो पत्करल्यावर उष्णता प्रोसेसरपासून दूर, कॅबिनेटच्या कडेला ऐसपैस पसरवता येते, आणि सतत जड काम करणाऱ्या, 250 वॉटच्या घरात वीज घेणाऱ्या प्रोसेसरला ते मानवते. 65 वॉटच्या साध्या प्रोसेसरला एवढ्या खटाटोपाचे कारण नसते. न्यायसूत्रांनी आपल्या 16 पदार्थांत 'संशय' म्हणजे दोन विरुद्ध पक्षांमधली दोलायमान अवस्था सांगून लगेच पुढे 'प्रयोजन' सांगितले आहे, आणि पाणी की हवा हा संशयही द्रव्यांचे स्वभाव कितीही पारखले तरी फिटत नाही. यंत्राला काय करावयाचे आहे हे ठरले की तो फिटतो.