हिशेब घराघरात यायला हवा

वलगाव

चि. पोरीस,

तू अकरावीला वाणिज्य शाखा घेतलीस, आणि वर्गातली पोरं त्याला दुकानदारी शिक्षण म्हणतात, असं तुझ्या आईकडून कळलं. मनाला लावून घेऊ नको. हिशेब न आल्यापायी वऱ्हाडात कित्येकांची वावरं गेली आहेत.

आपल्या गावाजवळच, पेढी नदीच्या पुलापाशी, 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांचं बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीला, मामांच्या घरी गेलं. मामांची शेती सावकारी कर्जानं गिळली. कर्जाचा आकडा सावकाराच्या वहीत, आणि ती वाचणारं घरात कोणी नाही. म्हणूनच बाबा कीर्तनात कळवळून सांगत, की ऋण काढून सण करू नका, पोटाला चिमटा घ्या पण लेकरं शिकवा. स्वतः शाळेत न गेलेल्या या माणसानं लोकवर्गणीतून मोठमोठ्या धर्मशाळा उभारल्या, पण त्यातला पैसा स्वतःच्या संसाराकडे वळू दिला नाही.

बाजारालाही शिस्त लावावी लागली. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार 1886 साली आपल्या कारंज्यात सुरू झाला, आणि 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. तरीही शेतकऱ्याच्या हाती पडलेली हिशेबपट्टी त्यानं स्वतः वाचली नाही, तर कायदा काय कामाचा? किती क्विंटल भरलं, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती कापली, आधीची उचल किती वळती केली, हे चार आकडे जुळवून पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

व्याजाचंही तसंच. ‘शेकडा 3’ ऐकायला हलकं वाटतं. पण ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाचे 36 टक्के. पेरणीला घेतलेले 20,000 रुपये 7 महिन्यांनी कापूस विकून फेडायचे, तर नुसतं व्याजच 4,200 रुपये होतं. कर्ज घेण्याआधी एवढं मांडून पाहणारं माणूस घरात असलं, की निर्णय डोळसपणे होतो.

ते माणूस तू हो. या दिवाळीपासून घरचा जमाखर्च तू लिही, आईच्या बचतगटाची वही महिन्यातून एकदा तिच्यासोबत तपास, आणि शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना त्यांचं पासबुक वाचून दाखव. पुढे त्यांना ते स्वतः वाचायला शिकव. तुझ्या शिक्षणाचा खरा उपयोग तो.

तुझे आजोबा