कुणाला कळायचं नाही

बाबांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी विकायचीये. गळलेल्या ब्रेक ऑइलनं बॉनेटखालचा रंग पार पत्र्यापर्यंत सोललाय. ग्लायकॉलचं हे ऑइल रंग खातं, हवेतली ओल पितं आणि गाडी थांबवतंही तेच! सांडल्यासांडल्या पाण्यानं धुतलं तर रंग वाचतो. इथे अख्खा पावसाळा गेला. गॅरेजवाले काका म्हणाले, "गळती काढतो, घासून प्रायमर-रंग मारतो. कुणाला कळायचं नाही."

रंगाला हरकत नाही, गंज थांबायलाच हवा. खटकतं ते शेवटचं वाक्य. दुरुस्त झालेल्या ब्रेकचा इतिहास लपवणं खोटेपणा आहे का? मला वाटतं, आहे. घेणारा त्या ब्रेकच्या भरवशावर आपली माणसं बसवणार. रंगाआधीचे फोटो त्याला दाखवणार आहे. दादा म्हणतो, दहा हजार कमी येतील. येऊ देत.